वाटणीतलं शटर

१

सकाळी वहिनींनी दूध घ्यायला दार उघडलं, आणि दारावर चिकटलेल्या कागदानं त्यांचं अख्खं घर गिळून टाकलं.

कागद कर खात्याचा. नवऱ्याची जी फर्म कधीच मोडली होती, तिचं एक जुनं वर्ष खात्यानं पुन्हा उघडलं म्हणे. त्या वर्षी लपवलेल्या कमाईवर कर बसवला. तो कुणी भरला नाही, म्हणून हे घर जप्त. खाली शिक्का आणि लिलावाचा इशारा.

नवरा जाऊन बराच काळ झाला होता. आत सासरे खाटेला खिळलेले. त्यांनी हाक मारली, "कोण आलंय गं?"

"कुणी नाही, मामंजी. जाहिरात आहे," वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या.

धावाधाव करून अपील दाखल झालं, तारीखही पडली. आणि सुनावणीला फक्त एक दिवस उरलेला असताना वकिलांनी टाचणीला बोलावलं. म्हणजे घर पेटल्यावर बंब बोलवायची त्यांची नेहमीचीच पद्धत.

टाचणी पन्नाशीला टेकलेली, केस आखूड, चपला आवाज न करणाऱ्या. वकिलांसाठी बाहेरची माहिती काढून आणायची हा तिचा धंदा. कागदाला कागद जोडते आणि मधल्यामधे बोट घालणाऱ्याला टोचते, म्हणून ऑफिसात तिला हे नाव पडलं होतं. ती खुर्चीवर बसली आणि वकिलांच्याच कपातला चहा ओढत म्हणाली, "मला कायदा सांगू नका. गोष्ट सांगा."

"फर्म तिघांची. रोलिंग शटर बनवायचे. वहिनींचे यजमान कारागीर, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. दुसरा गिऱ्हाईक आणायचा, त्याचं नाव भोंगा."

"का?"

"भेटलीस की कळेल. तिसरा हिशेब बघायचा. तो दशांश. फर्म मोडली, तसं खात्याला कळवलं, दुकान सोडलं. पुढे मिस्त्री आजारी पडले आणि गेले. आता ऐक. जुनं वर्ष उघडायचं तर खात्याला मुदत असते. मुदतीच्या आत नोटीस पोचायलाच हवी. आणि फर्म मोडलेली असेल, तर ती कुठल्यातरी भागीदाराच्या हातात पडायला हवी, नाहीतर त्याच्या दारावर लागायला हवी. मेलेल्याच्या वारसाच्या दारावर लागली तरी चालते."

"वहिनींना मिळाली?"

"नाही. भोंगा आणि दशांशही नाही म्हणतात."

"मग पेढे वाटा. जिंकलात."

"जिंकलो असतो." वकिलांनी एक नक्कल पुढे सरकवली. "खात्याच्या फाइलीत हा अहवाल आहे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी नोटीस फर्मच्या शटरवर चिकटवली. शटर बंद होतं. साक्षीदार एक. सही म्हणजे झुरळ शाईत बुडून चाललंय."

टाचणी तासाभरात त्या दुकानात पोचली. तिथे आता न्हावी होता. तिनं त्याला ती तारीख सांगितली तेव्हा तो गिऱ्हाईकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून हसला.

"शटरवर? बाई, ते तिघं गेले त्याच आठवड्यात मी आलो. जाताना त्यांनी शटर मुळापासून उपसून नेलं होतं, नुसतं भगदाड. मी काच बसवली. तुम्ही म्हणता त्या दिवशी इथे हीच काच होती, आत मी होतो आणि खुर्चीत कुणाचं तरी डोकं होतं."

"आणि नोटीस?"

"माझ्या काचेवर माशी बसली तरी मला कळतं."

म्हणजे जी नोटीस शटरवर लावली, ते शटरच तिथे नव्हतं. मग चिकटवली कशावर?

२

टाचणीनं रस्त्यातूनच फोन लावला. "वकीलसाहेब, नोटीसवाला थापाड्या आहे. उद्या त्याची सालं काढा."

पलीकडून उत्साहाचा थेंबही आला नाही. "आणि ते शटर एखाद्या भागीदाराच्या दारावर लटकत असलं तर? खातं म्हणेल, पत्ता लिहायला चुकला, पण दार बरोबर होतं. आपण बोंब मारायची आणि आपल्याच पायावर धोंडा. आधी शटर शोध. ते कुठे होतं हे कळल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही."

नोटीसवाला खात्याच्या कँटीनमध्ये सापडला. निवृत्तीला आलेला, शर्टाच्या खिशात तीन पेनं, चेहऱ्यावर आयुष्यभर लोकांनी तोंडावर दार आपटल्याची कळा. टाचणी समोर बसली आणि अतिशय प्रेमानं म्हणाली, "काका, एक विचारू? तो अहवाल तुम्ही याच टेबलावर बसून लिहिलात ना? सगळेच लिहितात. एवढ्या उन्हात कोण जातंय."

काकांचा कप बशीवर आपटला. "कोण म्हणतं?"

"कुणी नाही. उद्या म्हणतील. फार तर निवृत्तीच्या आधी जरा चौकशी होईल."

"अहो, मी! मी टेबलावर बसून लिहीन? माझ्या हातानं चिकटवलीय मी ती नोटीस! शटरच्या पट्ट्या गोलगोल, कागद कुठे बसतोय सरळ? ऊन थेट त्या शटरवर, उतरतं ऊन, असं डोळ्यात घुसणारं. खळ लावतोय तोवर वाळतेय. शेवटी खिशातलं नाणं काढलं आणि पट्टीपट्टीच्या खाचेत घासून घासून बसवली. वर फर्मचं नाव रंगवलेलं, या डोळ्यांनी वाचलं. कुलूप हलवून पाहिलं. कडी डाव्या बाजूला होती, डाव्या! टेबलावर बसून दिसते का कडी?"

"नाही दिसत," टाचणी म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली. "कुठल्या रस्त्यावर होतं हे शटर?"

काकांचा सगळा वाफारा एका क्षणात बसला. त्यांनी कपाकडे पाहिलं. "अहवालात आहे तोच पत्ता."

"तिथे तर काच आहे."

"मला काम आहे," काका उठले, आणि चहा तसाच टाकून गेले. चहा टाकून जाणारा सरकारी माणूस टाचणीनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

हा माणूस खोटं बोलत नव्हता. पण खरंही अर्धंच बोलत होता.

३

दशांश एका जुन्या इमारतीत भाड्याच्या खोलीत बसायचा आणि दुकानदारांचे हिशेब लिहून द्यायचा. सडपातळ, स्वच्छ, बोलताना शब्दसुद्धा मोजून खर्च करणारा. टाचणीनं आपण वहिनींकडून आल्याचं सांगितलं. त्यानं खुर्ची पुसून दिली.

"वाईट झालं हो. पण मी काय करू? कर तिघांवर मिळून आहे, पण खातं ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडून घेणार. माझ्या नावावर बघाल तर काहीच नाही. ही खोली भाड्याची, स्कूटर बायकोची. भोंग्याकडे नुसतं तोंड. राहिलं कोण? वहिनी."

"शटर कुणाकडे गेलं?"

"कुठलं शटर?"

"तुमच्या दुकानाचं. ज्याची कडी डावीकडे होती."

दशांशच्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं, आणि तेवढ्यापुरता तो बराही दिसला. "मिस्त्री डावखुरा. पहिलं शटर केलं तेव्हा कडी आपल्या हाताला सोयीची म्हणून डावीकडे ठोकून बसला. त्यावरून आम्ही त्याला काय छळलं! पुढची सगळी मधोमध. आमच्या धंद्यात पहिलं शटर स्वतःच्या दुकानाला लावतात, आणि ते विकायचं नाही, मोडीतही घालायचं नाही, असा शिरस्ता. म्हणून वाटणीच्या वेळी त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या."

"कुणाला निघालं?"

"मिस्त्रीलाच. घरी नेऊन बसवलंन त्यानं. जिन्याखालच्या खोलीला." तो थांबला आणि हळूच म्हणाला, "तिथेच असेल अजून."

मिस्त्रीच्या घरी, म्हणजे वहिनींच्या घरी. नोटीस तिथे लागली असेल तर ती शंभर टक्के बरोबर लागली होती, आणि खटला उद्या उभा राहायच्या आधीच झोपला होता.

ती रिक्षात बसली तेव्हा तिनं पहिल्यांदाच स्वतःला विचारलं, की वहिनी आपल्याशी खोटं तर बोलल्या नाहीत?

वहिनींच्या घराला बाजूनं बोळ होता. टाचणी बेल न वाजवता बोळात शिरली. जिन्याखाली खोली होती. तिच्या दोन्ही अंगांना शटर सरकायचे लोखंडी चॅनेल भिंतीत पक्के बसवलेले होते.

मधे शटर नव्हतं. मधे एक जुना पडदा लोंबत होता.

"तुम्ही इथे काय करताय?" मागून वहिनींचा आवाज आला. हातात सासऱ्यांचं औषध, आणि आवाजाला धार.

४

"शटर कुठे आहे, वहिनी?"

"गेलं."

"कधी?"

"का विचारताय?"

"कारण ते इथे असताना नोटीस लागली असेल, तर उद्या हे घर गेलं. तेव्हा मला लाडीगोडी लावू नका आणि मीही लावत नाही. नोटीस पाहिलीत? भीतीनं फाडलीत? खरं सांगा. मी खूप बायकांना असं करताना पाहिलंय आणि एकीलाही नावं ठेवली नाहीत."

वहिनींचा चेहरा लाल झाला. "फाडली असती तर सांगितलं असतं. मला कागदाची भीती वाटते, पण खोट्याची जास्त वाटते. हे हॉस्पिटलमध्ये होते शेवटचे. भोंगाभावजी आले, म्हणाले, वहिनी, शटर नेतो, चांगली किंमत येईल, औषधाला होईल. मी हो म्हटलं. यांना सांगितलं नाही. पहिलं शटर विकलं म्हटलं असतं तर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"आणि मिस्त्री गेले त्यानंतर नोटीसची तारीख."

"हो. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी."

"हे तुमच्याशिवाय कोण सांगेल?"

कुणीच नाही. भोंग्यानं नेलं हे भोंगाच सांगणार, आणि भोंगा सांगेल ते तो दुपारी बदलणार.

टाचणी बोळात उभी राहिली. वर पाहिलं. समोर शेजाऱ्याची उंच भिंत, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. दुपार कलली होती, बाहेर रस्त्यावर ऊन रणरणत होतं, आणि बोळ विहिरीसारखा गार. भिंतीवर शेवाळ.

"वहिनी, इथे ऊन कधी येतं?"

"इथे? कपडे वाळत नाहीत हो इथे. म्हणून तर सगळं गच्चीवर."

टाचणी फिसकन हसली. नोटीसवाल्याची खळ उन्हानं वाळत होती. उतरतं ऊन, डोळ्यात घुसणारं. त्याला खोटं सांगायचंच असतं तर त्यानं ऊन कशाला घातलं असतं? शटर तेच, डाव्या कडीचं. पण त्या दिवशी ते पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर उभं होतं. या बोळात नाही.

"माफ करा," ती म्हणाली. "मघाशी टोचलं."

"टोचलंच," वहिनी म्हणाल्या. "आता चहा घ्या आणि भावजींना फोन लावा. माझ्यासमोर."

भोंग्याला फोन लावला तेव्हा भोंगा हे नाव का पडलं ते कळलं. फोन स्पीकरवर ठेवायची गरजच पडली नाही.

"वहिनी! बोला! तुमच्यासाठी जीव हाजिर!"

"जीव राहू द्या. शटर कुणाला दिलंत?"

"शटर?" भोंग्याचा आवाज एकदम खाली आला.

"भावजी."

"तो म्हणाला होता, सांगू नकोस. म्हणाला, मिस्त्रीच्या जिवाला लागेल. पैसे त्यानं रोख दिले, मी एक पैसा खाल्ला नाही, शपथ... बरं, रिक्षाचे घेतले."

"कोण तो?"

"आपला दशांश! त्याच्या मेहुण्याच्या गोदामाला हवं होतं."

टाचणीनं कप खाली ठेवला. याच माणसानं दोन तासांपूर्वी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतं, की तिथेच असेल अजून.

५

गोदाम गावाबाहेरच्या रुंद रस्त्यावर होतं. समोर मोकळं मैदान, आणि बुडायला निघालेला सूर्य थेट दारावर. शटर करड्या रंगानं रंगवलेलं. नाव पुसलेलं. पण कडी डावीकडे.

टाचणी अगदी जवळ गेली आणि गाल पत्र्याला लावून तिरकं पाहिलं. करड्या रंगाखाली पट्ट्यांच्या खाचांमधे खळीचे वाळलेले पापुद्रे ओळीनं उभे होते, कागदाच्या मापाचा चौकोन धरून. कागद काढला होता. खाचेतली खळ कोण खरवडतंय? वर रंगाचा हात मारला, झालं. तिनं फोटो काढले.

"काय हवंय?" गोदामाच्या कडेच्या स्टुलावरून एक माणूस उठला. अंगात ढगळ शर्ट, चेहऱ्यावर सदाचा कंटाळा.

"गोदाम भाड्यानं मिळेल का?"

"मला कुठे विचारता? भावोजींना विचारा."

"मालक भावोजी?"

"मालक मी," तो म्हणाला, आणि असं म्हणाला जणू कुणीतरी त्याच्यावर आळ घेतलाय. "कागदावर. जागा माझ्या नावावर, बिल माझ्या नावावर, पत्रा गळला की शिव्या माझ्या नावावर. माल भावोजींचा, पैसा भावोजींचा. ताईचा नवरा म्हणून गप्प बसायचं. मला महिन्याला काय मिळतं माहितेय? चहा."

टाचणीचे डोळे मांजरासारखे बारीक झाले. दिवसभरात पहिल्यांदाच तिला मनापासून मजा वाटली.

"उद्या सकाळी वेळ आहे का तुम्हाला?" तिनं विचारलं. "एका ठिकाणी येऊन बसायचं. काही बोलायचं नाही. फक्त ऐकायचं. चहा माझ्याकडून."

वकील ऑफिस बंद करायच्या बेतात होते. टाचणीनं फोटो टेबलावर टाकले.

"ऐका. फाइलीत लिहिलंय ना, गुप्त माहितीवरून वर्ष उघडलं? फर्मची लपवलेली कमाई किती हे कुणाला माहीत असेल? मिस्त्रीला लोखंड कळायचं. भोंग्याला बेरीज येत नाही. लपवणाराच सांगणारा. वरची रोख त्यानंच खाल्ली, आणि फर्म मोडल्यावर त्यानंच खबर दिली. वसुली झाली की खबऱ्याला बक्षीस. स्वतःच्या नावावर काहीच नाही, तेव्हा वसुली होणार ती वहिनींच्या घरातून."

"पण मग नोटीस सरळ वहिनींच्या घरी का नाही पाठवली?"

"वहिनींनी वाचली असती, तुमच्याकडे आल्या असत्या, तुम्ही हिशेब मागितले असते, आणि रोख कुणी खाल्ली ते बाहेर आलं असतं. त्याला अशी नोटीस हवी होती जी चिकटेल पण कुणी वाचणार नाही. शेवटचा दिवस. नोटीसवाले काका दुकानावर जातात, तर काच. घाबरतात. तिथे हा देवदूत स्कूटरवर उभा. म्हणतो, फर्म हलली, चला दाखवतो. काका नाव वाचतात, चिकटवतात, अहवालात पत्ता मात्र जुनाच उतरवतात, कारण मुदत संपली की नोकरीवर येतं."

वकिलांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा पडला होता. "टाचणी, तू मला जिंकवलं नाहीस. बुडवलंस. दशांश भागीदार आहे. नोटीस लागताना तो तिथे उभा होता. गोदामही खरं म्हणजे त्याचंच. हे मी उद्या सिद्ध केलं, तर भागीदाराच्या दारावर नोटीस वेळेत लागली हेच सिद्ध होतं!"

"म्हणून तुम्ही सिद्ध करू नका," टाचणी म्हणाली. "त्यालाच विचारा."

६

सुनावणीची खोली लहान, पंखा मोठा. टेबलामागे अपील ऐकणाऱ्या मॅडम. एका बाजूला खात्याचे साहेब, ज्यांनी ते वर्ष उघडलं होतं. दुसऱ्या बाजूला वकील आणि वहिनी. मागच्या रांगेत भागीदार म्हणून बोलावलेले भोंगा आणि दोन खुर्च्या पलीकडे दशांश, आणि कोपऱ्यात मेहुणा. मेहुण्याला पाहून दशांश दचकला, पण बोलण्याआधी मॅडमनी सुरू करायला सांगितलं.

साहेबांनी अहवाल वाचला. वकिलांनी न्हाव्याचं लेखी म्हणणं दिलं आणि नोटीसवाल्याला बोलवायची विनंती केली. काका आले. पाय जड.

वकिलांनी फोटो पुढे धरला. "हे काम कुणाचं?"

काकांनी खाचेतल्या खळीकडे बघितलं. लपवायचं होतं, पण हाताची ओळख आधी तोंडावर आली. "माझं," ते म्हणाले. "नाण्यानं बसवलेली आहे. असं दुसरं कुणी करत नाही." मग खांदे टाकून त्यांनी सगळं सांगितलं. काच, स्कूटर, मोकळं मैदान. "पत्ता मी बदलायला हवा होता. भ्यायलो."

"नेणारा माणूस इथे आहे?"

काकांनी मागे पाहिलं. "तो काय. त्यांनीच साक्षीदार म्हणून सही केली."

सगळ्या माना दशांशकडे वळल्या. आणि सगळ्यात आधी उसळले ते खात्याचे साहेब. "मॅडम! हे तर भागीदार! म्हणजे नोटीस लावताना भागीदार जातीनं हजर होता! बजावणी वेळेत झाली. विषय संपला."

वहिनींनी खुर्चीची कड घट्ट पकडली. त्यांना कायद्यातलं फार कळत नव्हतं, पण साहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद कळत होता. त्यांनी मागे वळून टाचणीकडे पाहिलं. त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं, हे काय केलंत तुम्ही?

"साहेबांचं म्हणणं मला मान्य आहे," वकील शांतपणे म्हणाले, आणि वहिनींचा रंगच उडाला. "फक्त यांनी तेवढं सांगावं. म्हणजे बजावणी झाली, आणि वसुलीचाही प्रश्न सुटला. वहिनींच्या दोन खोल्यांना कोण विचारतंय? गोदाम हमरस्त्यावरचं आहे, त्यातच सगळा कर निघून वर उरेल." ते दशांशकडे वळले. "सांगा. ते गोदाम तुमचं का?"

दशांशनं मेहुण्याकडे पाहिलं.

साहेबांनी पेन उघडलं. त्यांना वसुलीशी मतलब, कुणाच्या घरातून याच्याशी नाही. "हो, सांगा ना," ते उत्साहानं म्हणाले. "तुमच्या मालकीचं असेल तर आजच जप्त करतो."

आयुष्यभर दशांशनं आपल्या नावावर काही राहू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. आणि आता हो म्हणालं तर बक्षीस राहिलं बाजूला, गोदाम जाणार. आणि घेतलेली रोखही उकरून काढणार.

"नाही," तो म्हणाला. "गोदाम माझं नाही."

"तुमचा त्यात काही हक्क? भाग? माल?"

"काहीही नाही."

"मग तुम्ही तिथे भागीदार म्हणून होतात? नोटीस ताब्यात घेतलीत? मग ती इतर दोघांपासून का लपवलीत, तेही सांगावं लागेल."

"मी... मी नुसता रस्ता दाखवला. कागद कसला होता ते वाचलं नाही. कुणी काढला ते माहीत नाही."

"म्हणजे वाटसरू."

"हो. वाटसरू."

"मॅडम, हे शब्दशः लिहून घ्यावं."

मॅडमनी लिहून घेतलं. मग चष्म्यावरून साहेबांकडे पाहिलं. "नोटीस भागीदाराच्या दारावर लागली हे दाखवायची जबाबदारी खात्याची. दुकान त्यांचं राहिलं नव्हतं. गोदाम त्यांच्यापैकी कुणाचं नाही असं तुमचा साक्षीदारच म्हणतोय. गोदाम यांचं आहे असा एक तरी पुरावा आहे तुमच्याकडे?"

साहेबांनी फाइल पुढून चाळली, मागून चाळली. तिची जाडी बरीच होती, पण उपयोगाचं पान एकही निघालं नाही. कसं निघणार? दशांशनं ते कुठेच ठेवलं नव्हतं. सगळं मेहुण्याच्या नावावर.

"मग मुदतीच्या आत बजावणी झालीच नाही," मॅडम म्हणाल्या. "परक्या माणसाच्या दारावर कागद लावून जुनं वर्ष उघडता येत नाही. सविस्तर आदेश येईल. जप्ती आजपासून उठली."

वहिनी तशाच बसून राहिल्या. मग वकिलांच्या बाहीला हलकेच हात लावून विचारलं, "म्हणजे घर?"

"तुमचं."

"मामंजींना हलवायला नको?"

"कुणाची बिशाद आहे?"

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. रडल्या नाहीत. भोंगा मात्र ढसाढसा रडला, आणि ते दोन मजल्यांवर ऐकू गेलं.

बाहेर व्हरांड्यात दशांश भराभरा जिन्याकडे निघाला होता. मेहुणा मधे येऊन उभा राहिला. सकाळपासून त्यानं सांगितल्याप्रमाणे एक शब्द काढला नव्हता. पण ऐकलं सगळं होतं.

"बाजूला हो," दशांश म्हणाला. "घरी बोलू."

"घरी ताई असते. इथेच बोलू, भावोजी." मेहुण्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा पार गेला होता. तो जरा उंचही वाटत होता. "आत तुम्ही म्हणालात, सरकारपुढे, की माझ्या गोदामात तुमचं काहीही नाही. मॅडमनी लिहून घेतलं. मी नक्कल मागणार आहे."

"अरे, ते म्हणायला..."

"तर मग गोदामातला माल दुसऱ्याच कुणाचा असेल ना? कुणाचा का असेना." त्यानं बोटांवर थोडा हिशेब केल्यासारखं दाखवलं. "उद्यापर्यंत उचलायला सांगा त्याला. नाहीतर पहिल्या तारखेपासून भाडं सुरू."